टोचन

आमच्या गाडीचा मागचा बंपर वांगणीच्या एका भातशेतात आहे. बाकीची गाडी मुलुंडला असते.

ऑफिसातल्या एका मित्राने वांगणीला पाच गुंठे जागा घेतली आणि जुलैतल्या एका रविवारी ती दाखवायला सगळ्यांना बोलावलं. शेवटचे दोनशे मीटर कच्चा रस्ता. मित्र म्हणाला, "गाड्या इथेच लावू, चालत जाऊ." बाकीचे निमूटपणे पँटी दुमडायला लागले. मी पडलो थारवाला. सेकंडहँड का असेना, 2013 सालची का असेना, आधीच्या मालकाने कापडी छताला चिकटपट्टी लावून गळ्यात मारलेली का असेना, थार ती थार. चालतच जायचं होतं तर आधीची अल्टो काय वाईट होती? मी 'फोर लो'चा दांडा खेचला, खिडकीतून सगळ्या दुमडलेल्या पँटींकडे एकदा पाहिलं आणि निघालो. चाळीस मीटर झकास गेलो. एकेचाळिसाव्या मीटरला गाडी पोटापर्यंत बसली. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच होतं, ते खाली उतरायला थोडा वेळ लागला.

चारही चाकं फिरत होती. फोर-व्हील ड्राइव्हचा हा फायदा असतो. साध्या गाडीत दोनच चाकं चिखल उडवतात.

शेजारच्या शेतातले एक दादा ट्रॅक्टर घेऊन आले. गाडीच्या मागे वाकून त्यांनी विचारलं, "टोचन कुठंय?"

"काय?"

"टोचन हो. दोर कशाला बांधू?"

मी विचार केला आणि बंपर दाखवला. विचार करून दाखवला, हे मुद्दाम नोंदवतो. दादांनी "नक्की?" असं दोनदा विचारलं. मी दोनदा "नक्की" म्हणालो. ट्रॅक्टरने झटका दिला आणि बंपर निघाला. लग्नाच्या वरातीत नवरदेव जसा नुसताच पुढे जातो आणि वऱ्हाड मागे राहतं, तसा तो वीस-पंचवीस फूट डौलात गेला. गाडीने जागा सोडली नाही. शेवटी दादांनी चिखलात आडवं होऊन मागच्या अ‍ॅक्सलला साखळी घातली तेव्हा गाडी निघाली. पैसे विचारले तर म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ द्या. टोचन तेवढं लावून घ्या."

'टो' आणि 'चेन' हे दोन शब्द ट्रकवाल्यांच्या तोंडात पन्नास वर्षं घोळले की टोचन होतं. घाटात बंद पडलेला ट्रक दुसऱ्याला बांधला की तो 'टोचन केला'. बांधायची साखळीही टोचन आणि जिथे बांधायची ती जागाही टोचन. इतका नेमका शब्द मराठीला कुठल्याच भाषाशुद्धी मंडळाने दिला नसता, कारण पुढच्या वर्षभरात या वस्तूने ज्याला ज्याला जिथे जिथे टोचलं, त्याचा हिशेब या एका शब्दात आधीच मांडून ठेवला होता.

परत येताना हायवेवर बराच वेळ बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, "चालत गेलो असतो."

त्या रात्री मी ठरवलं की टोचन बसवायचं, आणि तेही स्वतः डिझाइन करून.

तयार हुक बाजारात मिळतात, हे मला माहीत होतं. पण माझं शिक्षण एम.कॉम. आणि नोकरी विम्याच्या क्लेम खात्यात. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मोडलेल्या वस्तूंचे फोटो पाहतो आहे. आयुष्यात एकदा तरी न मोडणारं काहीतरी आपल्या हातून व्हावं, असं कॉमर्सच्या माणसाला वाटतं. इंजिनिअरला असं वाटत नसावं; त्याला काय मोडतं ते ठाऊक असतं.

मुलीची आलेखाची वही घेतली आणि अभ्यासाला बसलो. पहिला शोध असा लागला की आमच्या गाडीच्या खापरपणजोबांकडे टोचन जन्मजात होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या मागे कारखान्यातूनच एक जबडेवाला हुक यायचा. त्याला पाव टनाचा ट्रेलर लावा नाहीतर छोटी तोफ, जीप तक्रार करत नसे. त्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणारी कंपनी 1945 साली निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होतं. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा एमही घरचाच घेतला, असं सांगतात. हे मी बायकोला रात्री साडेअकराला सांगितलं. ती म्हणाली, "मोडकं जुळवायला हुक लागतोच असं नाही, हे त्यांना कळलं म्हणायचं. दिवा बंद कर."

मग आला गोळा. ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे जो लोखंडी चेंडू असतो, तो युरोपात आणि ऑस्ट्रेलियात 50 मिलिमीटरचा असतो. अमेरिकेत तो 2 इंचाचा, म्हणजे 50.8 मिलिमीटर. हे 0.8 मिलिमीटर माझ्या संसारात तीन आठवडे मुक्कामाला होते. पन्नासच्या गोळ्यावर दोन इंची कपलर, म्हणजे ट्रेलरची त्या गोळ्यावर बसणारी टोपी, बसवला तर तो खुळखुळतो आणि खड्ड्यात उडून सुटूही शकतो. उलट केलं तर बसतच नाही. मी जेवताना या विषयावर बोलायचो. मुलगी वरण वाढून घेऊन आत जायची. घाटकोपरचा मेहुणा मात्र माझ्या बाजूने होता. तो रोज रात्री ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटाचे व्हिडिओ बघतो आणि दिवसा एलबीएस रोडवर स्कूटी चालवतो. तो म्हणाला, "भावोजी, एक लक्षात ठेवा. चिखलातून गाडी काढायला गोळा कधीच वापरायचा नाही. तुटला की तोफेच्या गोळ्यासारखा उडतो. माणसं गेली आहेत."

ही गोष्ट अगदी खरी आहे. झटक्याचा जोर गोळ्याच्या मानेला सोसत नाही. त्या कामाला शॅकल लागतो, म्हणजे घोड्याच्या नालेच्या आकाराचा पोलादी आकडा आणि त्यातून आरपार जाणारी पिन. मी हे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सावधगिरीची सूचना म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागे कुणी गाडी लावेना. गोळा अजून घ्यायचाच होता.

गोळा घ्यावा की शॅकल की तो युद्धातला जबडा, हे ठरेना. म्हणून तिन्ही घ्यायचे ठरवले. गाडीच्या चॅसीला कायमची एक चौकोनी नळी, आणि त्या नळीत पाहिजे तेव्हा पाहिजे ते खुपसून आडवी पिन मारायची. गाडी भरते पावणेदोन टन. त्यावर सुरक्षितता, त्यावर चिखलाची ओढ, त्यावर माझा स्वभाव, असं धरून मी पाऊण इंची शॅकल काढला. त्याची क्षमता 4.75 टन. प्लेट 12 मिलिमीटरची. एक मिलिमीटर जाडीचं लोखंड चौरस मीटरला 7.85 किलो भरतं, हे मला तेव्हा पाठ झालं आणि आता विसरता येत नाही. हल्ली तवा बघितला तरी मनात गुणाकार होतो.

बायकोने वही हातात घेतली. सगळी पानं शांतपणे पाहिली. समोरून, बाजूने, वरून काढलेली चित्रं पाहिली.

"छान आहे. पण ओढायचं काय?"

तोपर्यंत हा प्रश्न मला पडला नव्हता. म्हणजे आमच्याकडे ट्रेलर नव्हता, बोट नव्हती, घोडा नव्हता. मी म्हटलं, "वेळ सांगून येत नाही." ती म्हणाली, "गॅसवाला पण सांगून येत नाही. त्याच्यासाठी आपण सिलेंडर डिझाइन करत नाही."

बोल्टसाठी नागदेवी स्ट्रीटला गेलो. मशीद बंदरच्या त्या गल्ल्यांत जगातला कुठलाही बोल्ट मिळतो, फक्त माणसाला चालायला जागा मिळत नाही. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात. 8.8 किंवा 10.9. पहिला आकडा शंभराने गुणला की बोल्ट किती मेगापास्कल ताणाला तुटेल ते कळतं, आणि दुसऱ्यावरून कळतं की तुटण्याच्या किती आधी तो कायमचा वाकडा होईल. माणसांच्या डोक्यावर असा शिक्का असता तर लग्नं जुळवणाऱ्यांचा धंदा बसला असता. मी दुकानदाराला म्हटलं, "10.9 द्या, 14 मिलिमीटर."

"किती?"

"चार."

"चार पेटी?"

"चार नग."

दुकान शांत झालं. मागे पेट्या रचणारा पोरगाही थांबला. शेठनी चार बोल्ट कागदात बांधले, मी पाकीट काढलं तर हात जोडून म्हणाले, "ले जाओ साहब." मला वाटतं त्यांना माझी दया आली. निघताना त्यांनीही विचारलंच, "खींचना क्या है?"

आता डिझाइनमधून लोखंड निर्माण करायचं होतं. साकीनाक्याच्या एका गल्लीत, बाहेर चहाची टपरी आणि आत ठिणग्यांची आतषबाजी अशा एका गाळ्यात मला मेस्त्री सापडले. कणकवलीकडचे, साठीला आलेले, चष्म्याची एक काडी वेल्डिंगच्या तारेची. मी आलेखाची वही पुढे केली. सात पानं, तीन रंगांची पेनं. त्यांनी वही आधी उलटी धरली, मग सुलटी, मग बाजूला ठेवून तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"ह्या मिलिमीटर-बिलिमीटर ऱ्हवांदे. सुतात किती ता सांगा."

वाचकांपैकी जे कधी सुताराशी किंवा फॅब्रिकेटरशी भांडले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, अर्धा इंच चार सूत. एक सूत भरतं 3.175 मिलिमीटर. मुंबईतली अर्धी कपाटं, सगळे ग्रिल आणि बहुधा स्वर्गसुद्धा या सुतावरूनच गाठलेला आहे. मेट्रिक पद्धत सरकारने आणली, पण ती साकीनाक्याच्या सिग्नलला अडकली असावी.

मी मोबाइल काढून माझे सगळे मिलिमीटर सुतात करायला घेतले. 12 ची प्लेट पावणेचार सूत आली. मेस्त्री म्हणाले, "चार धरा." नळी पंधरा सूत आणि वर काही. "सोळा धरा." मी गोळ्यावर आलो. त्यांना 50 आणि 50.8 मधला भेद समजावला. युरोप समजावला, अमेरिका समजावली. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे पाव सूत?"

"हो."

"पाव सूत! साहेब, इतको तर रंग बसता."

तीन आठवड्यांचं माझं गृहयुद्ध एका रंगाच्या हाताने संपलं.

प्लेटला भोकं पाडायला पुठ्ठ्याचा फर्मा पाहिजे होता. तो मी घरी केला होता. रविवारी गाडीखाली उताणा झोपून, वॉशिंग मशीनचा खोका चॅसीला लावून, चारही भोकं पेन्सिलीने बारकाईने आखली होती. त्यावर 'डावी' आणि 'उजवी' लिहिलं होतं. मेस्त्रींनी त्याप्रमाणे चार सुतांची प्लेट कापली, भोकं पाडली, आणि लावायला गेल्यावर एकही भोक जुळेना. उताण्या माणसाची डावी बाजू कुठली, याचा मी विचार केला नव्हता. सगळी प्लेट आरशातली निघाली. मी घामाघूम झालो. मनातल्या मनात लोखंडाचे पैसे, कापायचे पैसे, बायकोचा चेहरा, सगळ्याची बेरीज केली. म्हटलं, "मेस्त्री, गेली प्लेट. नवीन कापावी लागणार."

मेस्त्रींनी बिडी विझवली. "उलटी करून लावया. त्यात काय असा?"

प्लेट उलटी केली. चारही बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे गेले.

टॅक मारून झाले, फुल वेल्डिंग झालं, काळा रंग झाला. मेस्त्री दोन पावलं मागे सरकले आणि बांधलेल्या घराकडे गवंडी बघतो तसे बघत राहिले. हातावरची काजळी पुसत म्हणाले, "बरा झाला. हत्ती ओढलो तरी तुटाचा नाय. पण ओढूचा काय असा?"

संध्याकाळी सोसायटीच्या उतारावरून आत शिरताना मागून कर्रर्र आवाज आला आणि ठिणग्या उडाल्या. मागे काही जोडलं की गाडीचा मागचा कोन कमी होतो. डोंगर उतरताना गाडीचा पार्श्वभाग जमिनीला न टेकता किती अंशांत सुटतो, ते मोजायचं हे माप. ऑफ-रोडवाले त्यावर तासन्‌तास बोलतात. मी सह्याद्री गृहीत धरला होता, सोसायटीचा उतार धरला नव्हता. वॉचमनने रजिस्टरमध्ये लिहिलं: "सायं. 7.10, बी विंग, आग लागली. विझली."

दुसऱ्या सकाळी तळमजल्यावरच्या काकांनी बेल वाजवली. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केलेला, नडगीवर गोल, निळा, बरोबर 50 मिलिमीटरचा ठसा. "हे काय लावलंयस रे मागे? पेपर आणायला गेलो तर टोचलं ना!" दुपारी दूधवाल्याला टोचलं. रात्री सेक्रेटरी टेप घेऊन आले. ही थार 3,920 मिलिमीटर लांब. माझ्या हुकामुळे ती पार्किंगच्या पिवळ्या रेषेबाहेर एक वीत आली होती. सेक्रेटरी निवृत्त शाळामास्तर. त्यांना रेषेबाहेर गेलेलं अक्षरसुद्धा खपत नसे.

"एनओसी घेतली होती?"

"हुकाला?"

"सार्वजनिक जागेत टोकदार बांधकाम."

शिवाय त्यांनी कायदा काढला. केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये गाड्यांच्या क्रॅश गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलं, तेव्हापासून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 हा शब्द सेक्रेटरींसारख्या माणसांच्या हाती लागला आहे. गाडीत परवानगीशिवाय बदल कराल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर एका बदलाला पाच हजार दंड, शिवाय तुरुंगाचीही सोय. त्यांनी माझ्या हुकाकडे पाहिलं. "गोळा, शॅकल, जबडा. तीन बदल. पंधरा हजार," म्हणाले. गणिताचे मास्तर होते.

हुक काढता येतो, हीच तर माझ्या डिझाइनची खुबी. मी पिन उपटली आणि गोळा, शॅकल, जबडा, दांडा असं सगळं प्रकरण घरी घेऊन आलो. वजन 14 किलो. ते दिवाणाखाली ठेवलं. सोमवारी भांडीवाल्या मावशींचा झाडू त्यात अडकला आणि मागोमाग करंगळी. मंगळवारी बायकोची करंगळी. बुधवारी रात्री पाणी प्यायला उठलो आणि अंधारात माझी. टोचून बोलायला घरात आता कुणालाही विषय शोधावा लागत नव्हता.

काकांच्या नडगीसाठी मी एक उपाय मात्र काढला. टेनिसचा चेंडू एका बाजूने कापायचा आणि गोळ्यावर चढवायचा. फिट्ट बसतो. परदेशातही लोक हेच करतात. रविवारी मी गोळा लावून गाडी पुसत असायचो आणि मागे हिरवा चेंडू चमकायचा. खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी तो पाहिला. त्या पावसाळ्यात माझे सहा चेंडू गेले.

आणि मग ती वेळ आली. अनंत चतुर्दशीच्या दुपारी चारला मंडळाची पोरं धापा टाकत वर आली. ट्रॅक्टरवाल्याने ऐन वेळी दुसऱ्या मंडळाची सुपारी घेतली होती. मूर्ती ट्रॉलीवर चढलेली, ढोल तापलेले, ओढायला काही नाही. "काका, तुमच्याकडे ते टोचन आहे ना?"

आयुष्यात मला इतक्या सुरेल आवाजात कुणी हाक मारली नव्हती. मी दिवाणाखाली सूर मारला. बायकोच्या चेहऱ्यावरून त्या दिवशी पहिल्यांदा तो प्रश्न पुसला गेला होता. सेक्रेटरी स्वतः गाडीला मागे-मागे करत रस्ता देत होते, कलम 52 विसरून. काकांनी नारळ वाढवला.

ट्रॉलीला पुढे कडी होती, ट्रॅक्टरच्या पिनेसाठी केलेली. गोळा तिच्यात बसण्याचा प्रश्नच नव्हता. जबड्यात ती मावेना. मी हसलो आणि शॅकल काढला. 4.75 टन. कडी त्याच्या तोंडाशी नेली. शॅकलचं तोंड सव्वा इंच, कडीची जाडी दीड इंच.

दोन सूत.

मी ठोकून पाहिलं. तेल घालून पाहिलं. कुणीतरी "उलटं करून लावा" म्हणालं, तेही करून पाहिलं. सगळ्यांचेच दिवस मेस्त्रींसारखे नसतात. मेहुण्याने घाटकोपरहून व्हिडिओ कॉलवर कायनेटिक रोप नावाच्या लवचिक दोराची माहिती द्यायला सुरुवात केली. पाच मिनिटं पोरांनी वाट पाहिली. मग एकाने मांडवाचा काथ्याचा दोर सोडला, कडीतून ओवला, तीस जणांनी तो खांद्यावर घेतला आणि मोरया म्हणून ओढला. ट्रॉली हलली.

"काका, तुम्ही पुढे चला, रस्ता मोकळा करा."

मी पुढे चाललो, फोर लो मध्ये, ताशी तीन किलोमीटर. अनवाणी ओढायचं म्हणून पोरांनी चपला पिशव्यांत भरून माझ्या शॅकलला अडकवल्या. मोरया तलावापर्यंत त्या 4.75 टनाच्या शॅकलने एकोणतीस जोड वाहून नेले. तिसावा मुलगा चपला घालूनच ओढत होता.

सध्या टोचन दिवाणाखाली आहे. मुलुंड, भांडुप, फार तर घाटकोपरपर्यंत कुणाचं काही ओढायचं असेल तर मी रविवारी मोकळा असतो. डिझेलचेही पैसे घेणार नाही. फक्त येण्याआधी तुमच्या कडीची जाडी मोजून आणा, आणि कृपा करून सुतात.